दोन्ही बाजूंचा वक्ता

मामांच्या वडिलांनी त्यांच्या हातात वस्तरा देण्याआधी एकच धडा दिला होता: गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. यात नम्रपणा वगैरे काही नव्हता, निव्वळ कारागिरी होती. माणूस चिडला की त्याची मान ताठ होते, मान ताठ झाली की कातडी ओढली जाते आणि ओढलेल्या कातडीवर वस्तरा घसरतो. म्हणून गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. वडील 'खरंय, खरंय' करत जन्मभर दाढ्या करत राहिले आणि त्यांच्या हातून कधी कोणाला ओरखडाही उठला नाही. मामांनी दुकान हातात घेतले तेव्हा दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि 'खरंय' असा सगळा वारसा एकदमच घेतला.

त्यामुळे मामा दिवसभरात काय काय कबूल करत, त्याला गणती नव्हती. एखादे गिऱ्हाईक म्हणायचे, आजकालची पोरं पार बिघडली. खरंय. मग त्याच गिऱ्हाइकाचे पोर खुर्चीत बसून म्हणायचे, म्हातारी माणसं उगाच कटकट करतात. तेही खरंय. फुटबॉलच्या दोन्ही संघांचे लोक मामांना आपला माणूस समजत आणि सामना कोणीही जिंको, अभिनंदन मामांचेच होई. सगळी गल्ली त्यांना 'खरंय मामा' म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि मामा त्यालाही मान डोलवायचे.

यातले 'मामा' मात्र भाचीमुळे आले. मामांची ताई लग्न करून सीमेपलीकडच्या देशात गेली आणि तिकडचीच झाली. तिची मुलगी मोठी झाल्यावर कामाचा परवाना काढून मामांकडे आली आणि दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीमागे उभी राहिली. ती दिवसभर 'मामा, कंगवा', 'मामा, टॉवेल' करायची, म्हणून मग गिऱ्हाइकेही मामा म्हणू लागली.

भाचीची जीभ तिच्या कात्रीच्या बरोबरीने चालायची. गिऱ्हाइकाने काही ठोकून दिले की ही म्हणायची, "छे! काहीतरीच काय?" गिऱ्हाईक भडकायचे, मान ताठ करायचे, पण हिला ते आधीच ठाऊक असायचे आणि तेवढ्यापुरता हिचा हात वर उचललेला असायचा. मामांच्या वडिलांना हे सुचले नव्हते. गंमत म्हणजे लोकांना भांडून घ्यायला आवडायचे. मामांची खुर्ची रिकामी असली तरी काही जण बाकावर बसून हिची खुर्ची मोकळी व्हायची वाट पाहायचे. मामांना याचा हेवा वाटत नसे, उलट छाती फुगायची. पण ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मामा-मामींना मूलबाळ नव्हते. भाची आली आणि आपल्या घरात भांडायला एक माणूस मिळाले, असे मामी सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या.

तर असे सगळे सुरळीत चालले असताना सरकारने कायदा बदलायचे काढले.

तेव्हाचा नियम असा होता की परवान्यावर आलेल्या माणसाची मुदत संपली, की त्याने देश सोडायचा, आपल्या देशात परत जायचे, तिथून नव्याने अर्ज करायचा आणि नंबर लागेपर्यंत तिकडेच थांबायचे. कोणाचा नंबर वर्षात लागे, कोणाचा तीन वर्षांत, कोणाचा लागतच नसे. आता सरकारच्या मनात आले होते की इथे राहूनच मुदत वाढवून द्यावी की काय. पण मनात आलेले बोलून दाखवायचे धाडस होत नव्हते, म्हणून सरकारने प्रत्येक गावाला सांगितले, तुम्ही जाहीर सभा घ्या, वाद घाला आणि तुमचे मत कळवा. लोकांना काय, वाद घालायला कारणच हवे होते. गावात पाण्याची बोंब होती, रस्त्यांत खड्डे होते, पण महिनाभर कोणी त्यांचे नाव काढले नाही.

जुना नियम राहावा म्हणणाऱ्यांचे पुढारी होते निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांना घरी दाढी करता येत नसे, म्हणून ते रोज सकाळी मामांच्या खुर्चीत येऊन बसत.

"रांग म्हणजे रांग, मामा," ते म्हणायचे. "जो आधी आला तो पुढे, जो नंतर आला तो मागे. आतल्याला आतच मुदत वाढवून दिलीत तर बाहेर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्यांनी काय करायचं? रांग मोडता कामा नये."

"खरंय," मामा म्हणायचे आणि ब्रशने फेस करायला घ्यायचे.

नियम बदला म्हणणाऱ्यांच्या पुढारी होत्या हेडबाई. गावातल्या अर्ध्या लोकांचे कान त्यांनी शाळेत असताना पिळले होते. केस आखूड ठेवत, आणि ते कापायला कोणतीही खुर्ची चालत असे.

"घरात बसलेल्या माणसाला उठवायचं, दाराबाहेर काढायचं आणि मग म्हणायचं, या, आत या! याला काय म्हणायचं, मामा? शुद्ध वेडेपणा!"

"खरंय, बाई," मामा म्हणायचे आणि त्यांच्या मानेवरचे केस झटकायचे.

भाची शेजारच्या खुर्चीमागून आरशात मामांकडे पाहायची. तिचा परवाना सहा-सात महिन्यांत संपणार होता. हे मामांना माहीत होते, गल्लीला माहीत होते, स्टेशनमास्तरांनाही माहीत होते.

"मामा, तुझं स्वतःचं मत काय रे?" तिने एकदा विचारले.

"मत?" मामा हसले. "अगं, दुकानदाराला मत परवडत नाही."

सभेच्या आदल्या दिवशी दोन्ही पुढारी एकाच वेळी दुकानात आले. स्टेशनमास्तर मामांच्या खुर्चीत फेसाने माखून बसले होते आणि हेडबाई भाचीच्या खुर्चीत गळ्याभोवती पांढरे कापड बांधून. बाक भरलेला होता.

"उद्या तयार आहात ना, मामा?" स्टेशनमास्तरांनी फेसातून विचारले. "आमच्याकडून शेवटी तुम्ही बोलायचं. सभेच्या फलकावर नाव घातलंय मी."

हेडबाईंनी गर्रकन मान वळवली. भाचीने ती धरून पुन्हा सरळ केली.

"तुमच्याकडून? अहो, ते नाव आम्ही घातलंय! मामा आमच्या बाजूने बोलणार आहेत."

"शक्यच नाही. मामा, तुम्ही मला रोज सकाळी सांगता की नाही, रांग मोडता कामा नये?"

"खरंय," मामा म्हणाले.

"आणि मला सांगितलंत की नाही, की हा शुद्ध वेडेपणा आहे?"

"खरंय," मामा म्हणाले. दुसरे काही त्यांच्या तोंडून निघेचना.

बाकावर हशा पिकला. एक जण तर हसता हसता खाली घसरला. कोणीतरी पळत जाऊन कोपऱ्यावरचा फलक वाचून आले. खरेच, नगरपालिकेच्या फलकावर नियमाच्या बाजूचे वक्ते म्हणून खाली मामांचे नाव होते आणि नियमाच्या विरुद्ध बाजूचे वक्ते म्हणूनही खाली मामांचेच नाव होते. फलक रंगवणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. तोही मामांचेच गिऱ्हाईक होता.

"हे म्हणजे तळ्यात-मळ्यात झालं," स्टेशनमास्तर म्हणाले. त्यांना राग आला होता, पण फेस असलेल्या तोंडाने नीट रागावता येत नाही.

"असू दे," हेडबाई म्हणाल्या. त्या शेवटी शिक्षिका होत्या, वर्गातला गोंधळ कुठे थांबवायचा हे त्यांना कळत होते. "मामांनी आमच्याही बाजूने बोलू नये आणि तुमच्याही नाही. आमचं सगळ्यांचं झालं की मग बोलावं. आयुष्यभर त्यांनी आपलं ऐकलंय. एक दिवस आपण त्यांचं ऐकू."

हे सगळ्यांना पटले. मामांना सोडून, पण त्यांनी मान डोलावलेली असल्यामुळे ते कोणाला कळले नाही. हसत नव्हती ती फक्त भाची. ती मान खाली घालून हेडबाईंचे केस कापत राहिली.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला मामांनी पाहिले, तर भाचीने आपल्या कात्र्या, कंगवे, मशीन असे सगळे पुसून एका पिशवीत भरायला घेतले होते.

"हे काय गं?"

"आवराआवर. पुढच्या महिन्यात जाते मी, मामा. आईलाही कळवलंय."

"जातेस? कुठे?"

"घरी. मुदत संपायची वाट बघत जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा आधीच गेलेलं बरं. तिकडे एखादं छोटं दुकान टाकेन. तुला विचारलं होतं ना मी."

"मला? कधी?"

"मागे माझे केस कापत होतास तेव्हा. मी म्हणाले, इथे ताटकळण्यात काही अर्थ नाही, मी परत जावं हेच बरं. तू म्हणालास, खरंय."

त्यांनी आठवून पाहिले. भाचीच्या डोक्यावर दोन भोवरे होते, तिथे कात्री जपून चालवावी लागते, ती आपण जपून चालवली, एवढे त्यांना लख्ख आठवत होते. ती काय म्हणाली, यातले अक्षरही आठवत नव्हते.

"अगं, ते मी आपलं असंच म्हणालो असेन!"

"असंच म्हणजे?"

"म्हणजे सवयीने."

"म्हणजे मी जाऊ नये असं तुला वाटतं?"

"खरंय!" मामा घाईघाईने म्हणाले.

"आणि हे? हे सवयीने नाही?"

भाचीने पिशवी बाकावर ठेवली.

"तुझ्या होकाराचं मी काय करू, मामा, तूच सांग," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा भांडकुदळ राहिला नव्हता. "तू स्टेशनमास्तरांना हो म्हणतोस. ते म्हणतात मला बाहेर काढा, आणि तू त्यांच्या गालाला क्रीम लावत म्हणतोस, खरंय. माझ्यादेखत म्हणतोस. तुला मी इथे हवी आहे की नको, हे मला कळायचं कसं?"

मामी गल्ल्याशेजारी पडदे ओढत होत्या. त्या मागे न वळताच म्हणाल्या, "मला पाहायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी यांना विचारलं, मुलगी पसंत आहे ना? हे म्हणाले, खरंय. मी अजून धड उत्तराची वाट बघतेय."

भाचीला हसू आले. मामांना आले नाही. त्यांना आज पहिल्यांदाच कळत होते की आपण कोणाला दुखवू नये म्हणून जे केले, त्यानेच घरचे माणूस दुखावले गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद होते. तरी सकाळी मामा तिथे गेले आणि आरशासमोर उभे राहून "नाही" म्हणून पाहिले. ते इतके केविलवाणे निघाले की मामांना स्वतःचीच दया आली. मग त्यांनी खडसावून "नाही!" म्हटले. रस्त्यावरून जाणारा फळवाला दचकून म्हणाला, "बरं, नको तर नको." मामा त्याच्यामागे धावत गेले आणि सांत्वन म्हणून सफरचंदे घेऊन आले. वादाची सुरुवात काही चांगली झाली नव्हती.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर टेबल, टेबलामागे नगरपालिकेच्या अध्यक्षबाई, आणि बाजूला उभे राहून बोलायची जागा. भाची सर्वांत मागे दाराजवळ उभी होती. ती आली हेच पुष्कळ, असे मामांना वाटले.

आधी स्टेशनमास्तर बोलले, आणि खोटे कशाला बोला, चांगले बोलले. आपली सून दुसऱ्या देशातली आहे, हे गावाला माहीतच होते. लग्नानंतर ती आणि लहानगा नातू दोन वर्षे बाहेर नंबर लावून बसले होते, हे त्यांनी सांगितले. "नातू चालायला लागला ते मी फोनवर पाहिलं," ते म्हणाले. "ओळखीपाळखी होत्या माझ्या. पण मधे घुसायचं नाही म्हणजे नाही. आम्ही नियम पाळला. तो पाळणारे आम्ही मूर्ख होतो, असं उद्या कोणी म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

मग हेडबाई उठल्या. त्यांनी शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. तिची आई परवान्यासाठी परत गेली होती, मुलगी शेजाऱ्यांकडे राहत होती. वर्गात 'माझे घर' असे चित्र काढायला सांगितले तर तिने आईला फोनच्या चौकटीत काढले. "मास्तर, तुमचा नातू तुम्ही फोनवर पाहिलात," हेडबाई म्हणाल्या. "मग दुसऱ्या कोणाच्या नशिबी ते यावं, असा आग्रह का?"

मास्तरांनी त्यावर काही उत्तर दिले, बाईंनी त्याला प्रत्युत्तर दिले, मागच्या बाकावरून दोघे-तिघे एकदम ओरडले, आणि बराच वेळ नुसता कोलाहल माजला. वाद म्हणजे न्हाव्याचा उकिरडा, कितीही उकरा, केसच निघतात. शेवटी अध्यक्षबाईंनी टेबल वाजवले आणि मामांचे नाव पुकारले.

मामा पुढे गेले. बोलणे तर त्यांचे रोजचेच होते, पण ते माणसाच्या पाठीमागे उभे राहून, आरशातल्या चेहऱ्याशी. इथे आरसा नव्हता. सगळे गाव थेट त्यांच्याकडे पाहत होते, आणि मोकळ्या हातांचे काय करायचे ते त्यांना समजत नव्हते.

"स्टेशनमास्तर म्हणाले ते खरंय," मामांनी सुरुवात केली. एका बाजूने टाळ्या पडल्या. "आणि हेडबाई म्हणाल्या तेही..." दुसऱ्या बाजूने टाळ्या पडल्या, आणि मग दोन्ही बाजू मिळून हसल्या. मामांनी दाराकडे पाहिले. भाची हसत नव्हती, तिने दाराच्या कडीला हात घातला होता.

"थांब!" मामा एकदम ओरडले. वर्ग गप्प झाला. "म्हणजे थांबा. मला असं उभं राहून बोलता येत नाही. कोणीतरी खुर्चीत बसा."

"आम्ही बसलोच आहोत, मामा!" मागून कोणीतरी म्हणाले.

पण मामींना बरोबर कळले. त्या उठल्या आणि मामांची कामाची पिशवी टेबलावर आणून ठेवली. घरून निघतानाच त्यांनी ती काखोटीला मारली होती. यांचे हात रिकामे असले की जीभ चालत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

"कोण बसतंय?" मामांनी विचारले.

स्टेशनमास्तर उठले. रविवार असल्यामुळे त्यांची दाढी तशीच वाढलेली होती, आणि सभेत दाढीचे खुंट घेऊन बोलावे लागले याचे त्यांना सकाळपासून वाईट वाटत होते. ते ऐटीत येऊन अध्यक्षबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मामांनी पाणी मागवले, फेस केला, वस्तरा पट्ट्यावर घासला. हातांना काम मिळाले आणि मामांना श्वास आला.

"आता बोला, मास्तर. रोज बोलता तसं."

"रोजचंच बोलतो," स्टेशनमास्तर डोळे मिटून म्हणाले. "रांग मोडता कामा नये."

मामांनी डावा गाल साफ केला. वस्तरा पुसला.

"नाही," ते म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत या आवाजात हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

"नाही काय?"

"मला पटत नाही." मामांनी वस्तरा टेबलावर ठेवून दिला. "ही झाली तुमची अर्धी दाढी. आता मुदत संपली. उठा, बाहेर जा, रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहा. नंबर लागला की या, उरलेला गाल करून देतो. कधी लागेल ते मला विचारू नका."

वर्ग गडगडून हसला. हेडबाईंनी तर टाळ्या पिटल्या. मामांच्या अंगात बळ आले. हे त्यांना वस्तरा चालवता चालवताच सुचले होते, आणि ते जमले होते.

पण स्टेशनमास्तर काही कच्चे नव्हते. त्यांनी अर्ध्या फेसाच्या तोंडाने शांतपणे विचारले, "मामा, बाहेर कोण जातं? गिऱ्हाईक की न्हावी?"

"म्हणजे?"

"परवान्यावर तुमची भाची आहे. ती दाढी करून घेत नाही, दाढी करते. तुमच्या उदाहरणात मी बाहेर गेलो. जायला हवं होतं तुम्ही. उदाहरण साफ चुकलं."

मामांनी विचार केला. उदाहरण खरेच साफ चुकले होते. हसणे थांबले. हेडबाईंनी कपाळाला हात लावला. मामांच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला होता, तो त्यांनी गिळला.

"चुकलं, मास्तर," ते म्हणाले. "मला ही वकिली येत नाही. उदाहरण जाऊ द्या. साधं सांगतो. मला माझ्या भाचीला जाऊ द्यायचं नाही."

आता त्यांना आरसा लागत नव्हता. ते सरळ दाराकडे पाहून बोलत होते.

"स्वार्थ आहे माझा, कबूल करतो. ती माझ्याहून चांगले केस कापते, म्हणून नाही. ती घरात नसली तर घर खायला उठेल, म्हणून. मी हे तिला चार वर्षांत सांगितलं नाही. तिने मला विचारलं, मी जाऊ का, आणि मी मूर्खासारखा हो म्हणालो. ते खोटं होतं. मास्तर, तुम्ही तिला बाहेर काढा म्हणायचात आणि मी रोज तुमच्या गालाला क्रीम लावून खरंय म्हणायचो, तेही खोटं होतं. कायदा माझ्या भाचीसाठी करा असं मी म्हणत नाही. पण एक मला सांगा. जिला उद्या परत आतच घ्यायचंय, तिला आज बाहेर काढून कोणाची रांग पुढे सरकते? ती जाऊन तुमच्या सुनेच्याच रांगेत उभी राहणार. रांग वाढलीच की!"

स्टेशनमास्तरांनी उजव्या गालावरचा फेस बोटाने चाचपला. त्यांची विचार करायची ती पद्धत होती.

"थांबा," ते हळूहळू म्हणाले. "रेल्वेत एक होतं. गाडीत बसलेल्या माणसाला ठरल्यापेक्षा पुढे जायचं असलं, तर त्याला खाली उतरवून आम्ही तिकिटाच्या खिडकीशी पाठवत नव्हतो. गाडी निघून गेली असती. त्याने तपासनिसाला सांगायचं, तपासनीस डब्यातच तिकीट वाढवून द्यायचा. पण आपलं स्टेशन यायच्या आधी सांगायचं! नंतर सापडला तर दंड."

"अहो, हेच तर मी केव्हापासून सांगतेय!" हेडबाई ताडकन उठल्या.

"तुम्ही रेल्वेबद्दल एक शब्द बोलला नाहीत, बाई."

"अर्थ तोच होता!"

"मग रेल्वेत सांगायचं. मला कळलं असतं." स्टेशनमास्तर अध्यक्षबाईंकडे वळले. "लिहा. जो आत आहे आणि मुदतीच्या आधी सांगतो, त्याला आतच मुदत वाढवून द्यावी. उशीर करेल त्याला दंड. आणि बाहेरच्यांना वेगळी खिडकी, तिथे कोणी मधे घुसायचं नाही."

"आणि त्या खिडकीवर माणसं वाढवा," हेडबाई म्हणाल्या. "दोन-दोन वर्षं कोणाचा नातू फोनवर चालायला शिकू नये."

स्टेशनमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. मग सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला. त्यांच्यामागे बाकांवर हात वर होत गेले. काही हात खाली राहिले, ते त्यांनी खुशाल ठेवावेत, सभा त्यासाठीच असते. पण ठराव झाला, आणि त्यात कोणाचा विजय झाला हे दोन्ही बाजूंना नीट सांगता येत नव्हते. त्यामुळे दोन्ही बाजू खूश होत्या.

भाची बाकांमधून वाट काढत पुढे आली.

"मामा."

"नाही!" मामा म्हणाले.

"अरे, मी अजून काही बोलले कुठे?"

"हो, खरं... नाही, बोल."

"ठराव गावाने केलाय. कायदा व्हायला किती वेळ लागेल कोण जाणे. कदाचित होणारही नाही."

"मग जावं लागेल तुला," मामा म्हणाले. "पण तेव्हा सरकारने घालवलं म्हणायचं. मामाने घालवलं असं म्हणायचं नाही."

"राहायला परवाना लागतो, मामा," भाची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती. "पण राहावंसं वाटायला कोणीतरी राहा म्हणावं लागतं. तेवढंच हवं होतं मला. मी थांबते. मुदत संपेपर्यंत तर थांबतेच, आणि वाढवून दिली तर पुढेही."

मामांना रडू कोसळले. मामींनी त्यांच्या हातात टॉवेल दिला. तो स्टेशनमास्तरांच्या गळ्यातला होता, पण त्या वेळी कोण बघतो! हेडबाई नाक पुसत होत्या, अध्यक्षबाई कागदात डोके घालून बसल्या होत्या, आणि मागच्या बाकावर काही जण उगाचच टाळ्या वाजवत होते.

"माझा एक गाल राहिलाय," स्टेशनमास्तर म्हणाले. "फेस वाळायला लागला. तुमचं रडणं आटोपलं की बघा."

मामांनी वस्तरा उचलला, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना गाल धड दिसेना.

"सरक, मामा," भाची म्हणाली. तिने त्यांच्या हातातून वस्तरा घेतला, फेसाला पुन्हा पाणी लावले आणि स्टेशनमास्तरांची हनुवटी धरून त्यांचे तोंड उजेडाकडे वळवले.

"तुला तरी पटलं ना माझं, तिकिटाचं?" स्टेशनमास्तरांनी विचारले.

"दंडाचं अजिबात पटलेलं नाही," भाची म्हणाली. "मान वर करा."

स्टेशनमास्तरांना यावर पुष्कळ बोलायचे होते, पण तोवर वस्तरा गालाला लागला होता.